हिलोहून आलेली पत्रं : प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

मुहूर्ताला वही उघडली. काम असं आहे : हवाई बेटावरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ज्वालामुखींबद्दल जे लिहून ठेवलं, त्यातलं निवडक मराठीत आणायचं. तारीखवार लावायचं, नकाशे जोडायचे आणि आमच्या वाचनालयाच्या भूगर्भशास्त्राच्या कोपऱ्यात ठेवायचं. नकाशे भाची काढणार, मजकूर माझा.

मुख्य माणूस टायटस कोअन. जन्म १८०१, कनेक्टिकटमधला. जुलै १८३५ मध्ये हवाई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हिलोला आला आणि १८८२ मध्ये तिथेच वारला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांहून थोडा जास्तच काळ एकाच गावात. घराच्या एका अंगाला मौना लोआ, दुसऱ्या अंगाला किलाउएआ, दोन्ही जिवंत ज्वालामुखी. त्याच्याआधी १८२३ मध्ये विल्यम एलिस येऊन गेला, म्हणून सुरुवात एलिसपासून.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटायचं कारण नाही. कोअनला हिलोला पाठवणारं बोस्टनचं मिशनरी मंडळ, अमेरिकन बोर्ड, हेच १८१३ मध्ये मुंबईला पोचलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना पाठवणारं बोर्ड. नगरची अमेरिकन मिशन त्याचीच, १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ही त्याच मिशनचा. बोस्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात नगरची पत्रं छापली जायची आणि हिलोचीही. नगरच्या दुष्काळाची हकीकत आणि हिलोच्या लाव्हाची हकीकत एकाच टपालाच्या वाटेने एकाच टेबलावर पडायची, हे मला या कामाला बसल्यावरच नीट उमगलं.

प्रत्येक वाक्य तीन रकान्यांत टाकायचं ठरवलं : स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, अंदाज बांधला. हिरवी, निळी, पिवळी पेन्सिल. सगळा प्रकल्प या तीन पेन्सिलींवर उभा आहे.

१९ ऑक्टोबर

एलिस. लंडन मिशनरी सोसायटीचा माणूस. थर्स्टन, बिशप आणि गुडरिच या अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर तो बेटाची पायी प्रदक्षिणा करायला निघाला. हेतू मिशनची ठाणी कुठे उभारायची ते पाहण्याचा. १ ऑगस्ट १८२३ रोजी ही मंडळी किलाउएआच्या काठावर पोचली.

सपाट माळावरून चालत असताना पायाखालची जमीन अचानक संपते, असं ते वर्णन आहे. समोर चंद्रकोरीच्या आकाराची दरी. लांबी सुमारे २ मैल, रुंदी जवळजवळ १ मैल, खोली अदमासे ८०० फूट. तळाशी उकळणारा लाव्हा आणि त्यातून वर आलेली शंकूच्या आकाराची ५१ बेटं. बेटं त्यांनी मोजली आहेत! समोर असं दृश्य असताना, वाटाडे घाबरलेले असताना, माणूस बोटांवर एक-दोन-तीन मोजतो. ५१ या आकड्याला मी हिरवा रंग दिला आणि ८०० फुटांना पिवळा.

पुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. दरीच्या भिंतीला आतून, बऱ्याच खाली, काळ्या कातळाचा एक कट्टा सगळीकडून फिरलेला दिसत होता. टाकीतलं पाणी उतरल्यावर आतल्या भिंतीला जशी रेघ राहते तसा. एलिसने त्यावरून ताडलं, की लाव्हा थोड्याच दिवसांपूर्वी या कट्ट्यापर्यंत भरलेला असणार आणि जमिनीखालच्या एखाद्या वाटेने समुद्राकडे किंवा किनाऱ्याच्या सखल भागाकडे निघून गेला असणार. हा तर्क बरोबर होता. त्याच वर्षी किलाउएआच्या नैर्ऋत्येच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडून समुद्राला मिळालेला होता. भूगर्भशास्त्राचं शिक्षण नसलेल्या माणसाने भिंतीवरची रेघ वाचली.

वाटेत ओहेलोची लालचुटूक फळं लागली. वाटाड्यांनी विनवलं, आधी पेलेला वाहिल्याशिवाय खाऊ नका. पेले ही तिथली ज्वालामुखीची देवी. फांदी तोडायची, थोडी फळं तिच्या दिशेने टाकायची, मग आपण खायची. मिशनऱ्यांनी ऐकलं नाही. एलिसने मात्र हा सगळा विधी बारकाईने लिहून ठेवला, म्हणून आज तो आपल्याला कळतो.

२० ऑक्टोबर

कालचं पान पुन्हा काढलं. एक परिच्छेद मी घाईने निळा करून सोडून दिला होता आणि रात्रभर तोच डोक्यात राहिला.

एलिसने तिथल्या लोकांना विचारलं, हा कधीपासून जळतोय? ते म्हणाले, ‘माई का पो माई’. म्हणजे आदिम काळोखापासून. प्रत्येक राजाच्या कारकिर्दीत त्याने मुलखाचा कुठला ना कुठला भाग बुडवलेला आहे. फार पूर्वी तो काठोकाठ भरून उतू जायचा. पुढे कित्येक राजांच्या काळात मात्र तो माळाच्या पातळीच्या खालीच राहिला, रुंद आणि खोल होत गेला आणि अधूनमधून मोठ्या स्फोटाने तापलेले दगड वर फेकत राहिला.

हे १८२३ साली नोंदलेलं लोकांचं बोलणं. आता शास्त्रज्ञांनी राखेचे थर आणि लाव्हाची वयं तपासून काढलेलं चित्र बघा : पंधराव्या शतकात बराच काळ लाव्हा वाहत राहिला, मग १५००च्या सुमारास माथा खचून मोठी कटोरी तयार झाली, त्यानंतर सुमारे तीनशे वर्षं मुख्यतः स्फोटांची. डोनाल्ड स्वान्सन या अमेरिकन ज्वालामुखीशास्त्रज्ञाने पेले आणि तिची बहीण हिइआका यांच्या कथा या थरांशेजारी ठेवून दाखवलं, की हा क्रम त्या कथांमध्ये शाबूत आहे. भूगर्भशास्त्रज्ञ कित्येक वर्षं ती कटोरी १७९० साली झाली असं धरून चालले होते. लोक सांगत होते ते जास्त बरोबर निघालं.

तेव्हा निळ्या रकान्याचं नाव बदललं. ‘ऐकलं’ खोडून ‘तिथल्या लोकांनी सांगितलं’ असं लिहिलं. ऐकीव म्हटलं की आपण त्याला आपोआप खालच्या पायरीवर बसवतो, ते इथे चालणार नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. आता कोअनचं १८४० सालचं पत्र. इथे माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली.

उद्रेकाची हकीकत अशी. ३० मे १८४०, शनिवार. पुना भागातल्या लोकांना आतल्या ओसाड रानात धूर आणि जाळ दिसला. कुठलं तरी रान पेटलं असेल म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवारच्या प्रार्थना चालू असताना जाळ असा काही भडकला की सभा मोडल्या. किलाउएआतला लाव्हा पूर्वेकडच्या भेगांतून जमिनीखालून मैलोगणती सरकत, मधेमधे डोकं वर काढत, शेवटी उघड्यावर आला आणि नानावालेजवळ समुद्रात कोसळला. तीन आठवडे कोसळत होता. पूर्व किनाऱ्यावर रात्री उजेड इतका, की ४० मैलांवर मध्यरात्री बारीक छपाई वाचता येत होती. लहान वाड्या गेल्या, मनुष्यहानी झाली नाही.

मी हे सगळं रंगून उतरवलं आणि ‘कोअनने डोळ्यांनी पाहिलेला उद्रेक’ असा मथळा दिला. संध्याकाळी भाची नकाशासाठी पत्र वाचत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, “मावशी, पण हा तेव्हा होता कुठे?”

मी पत्र परत वाचलं. कोअन तिथे नव्हता. मिशनऱ्यांची वार्षिक बैठक ओआहू बेटावर होती आणि तो तिकडे गेलेला होता. तो परतला, मग लाव्हाच्या वाटेवरून चालला, भेगा तपासल्या, वाफेच्या रेषेवरून जमिनीखालचा मार्ग काढला, लोकांना विचारलं आणि सप्टेंबरात पत्र लिहिलं. त्यात तो स्वतः काही लपवत नाही. ‘असं सांगतात’, ‘लोकांना दिसलं’ असं जागोजाग म्हणतो. आंधळेपणा माझा होता. समुद्रात कोसळणाऱ्या रक्तवर्णी नदीचं वर्णन इतकं जिवंत आहे, की ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे हे मी विसरूनच गेले.

अख्खं पान खोडून परत रंगवलं. बहुतेक सगळं निळं झालं. मग हिरवं काय उरलं? जळून गेलेल्या झाडांभोवती उभे राहिलेले लाव्हाचे साचे. किनाऱ्यावर उकळत्या लाव्हाचा समुद्राशी भिडून भुगा झाला आणि त्याच्या तीन टेकड्या उठल्या, त्या. आणि किलाउएआचा तळ शेकडो फूट खाली बसलेला. हा माणूस आदल्या काही वर्षांत तिथे जाऊन आलेला होता, म्हणून तर तळ किती खचला हे त्याला सांगता आलं. एकदाच आलेल्या पाहुण्याला फक्त खड्डा दिसला असता.

या पानाचा नवा मथळा : ‘कोअनने परतल्यावर काय पाहिलं’.

आणखी एक. लाव्हाच्या धबधब्यासाठी कोअन नायगाराची उपमा देतो, कारण पत्र वाचणारे बोस्टनचे. गिरसप्पा घालावा का, असा विचार क्षणभर आला. नाही घातला. तो कुणाला उद्देशून बोलत होता हे त्या एका शब्दात आहे.

९ नोव्हेंबर

आज फक्त मापं. मैल आणि फूट मूळचेच ठेवायचे, कंसात किलोमीटर-मीटर. ८०० फूट म्हणजे २४४ मीटर असं लिहिलं की मोजून घेतल्यासारखं दिसतं. एलिसने नजरेने अंदाज केला होता. म्हणून ‘सुमारे २४० मीटर’. अशा सतरा जागा दुरुस्त केल्या.

१७ नोव्हेंबर

पाऊस संपून कातळ उघडा पडलाय, म्हणून पुण्याच्या पश्चिमेला घाटरस्त्याच्या एका कापणीपाशी दोघी जाऊन आलो. १८४३च्या पत्रासाठी मला हे डोळ्यांसमोर हवं होतं.

ती गोष्ट आधी. जानेवारी १८४३ मध्ये मौना लोआ फुटला. कोअन आणि पॅरिस नावाचा त्याचा सहकारी मार्चमध्ये वर चढले. सगळीकडे काळा, थिजलेला लाव्हा. त्याच्यावरून चालताना मधेच छत कोसळून पडलेली भोकं दिसली. वाकून पाहिलं तर पायाखाली, बोगद्यातून, पांढरा पडेपर्यंत तापलेला लाव्हा सुसाट धावत होता. त्यांनी वरून मोठे दगड टाकले. दगड बुडण्याआधीच प्रवाहावर स्वार होऊन दिसेनासे झाले.

दगड टाकून बघण्याचा तो क्षण मला फार आवडतो. ओढ्याच्या पुलावरून पाण्यात काटकी टाकून ती कुठे जाते ते आपण लहानपणी पाहिलेलं असतं, तसंच. पण त्यातून कळलेली गोष्ट मोठी आहे. लाव्हाचा वरचा पापुद्रा थिजतो, त्याचंच छत होतं, आणि छताखाली आतला रस फारसा न निवता मैलोन्‌मैल जातो. मंद उतारावरही जातो.

कापणीपाशी भाचीने बोट ठेवून दाखवलं. एकावर एक रचलेल्या उशांसारखे काळ्या पाषाणाचे फुगवटे. प्रत्येकाची वरची कड भोकाभोकांची, कारण वायूचे बुडबुडे वर चढून पापुद्र्याखाली अडकले. मधला भाग घट्ट, टणक, सुतकी मारली तर खणखणेल असा. बुडाशी नळीसारखी बारीक भोकं, काहींत पांढरा खनिजाचा भरणा. बोट फिरवलं तर वरच्या कडेचा खरखरीतपणा आणि मधला गुळगुळीतपणा नुसत्या स्पर्शाने वेगळा कळतो. हवाईत अशा गुळगुळीत पापुद्र्याच्या लाव्हाला पाहोएहोए म्हणतात आणि काटेरी, अणकुचीदार डबराच्या लाव्हाला आ-आ. जगभरच्या भूगर्भशास्त्राने हे दोन्ही शब्द तिथल्या लोकांकडून घेतले आणि आपल्या सह्याद्रीची वर्णनंही आज याच शब्दांत होतात.

सह्याद्रीचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो वाहताना बघायला कुणी नव्हतं. आपल्या पायाखालचा दगड कसा आला हे आपण हिलोच्या डोंगरावर बघून शिकतो.

१ डिसेंबर

आज कोअनची पुण्यतिथी. १८५२ आणि १८५५ ही दोन पानं पुरी केली.

१८५२ थोडक्यात : फेब्रुवारीत मौना लोआच्या कुशीतून लाव्हाचं कारंजं उसळलं, शेकडो फूट उंच. कोअन चालत तिथे गेला आणि त्याच्या धगीशेजारी एक रात्र काढली. इथे सगळं हिरवं.

१८५५ मात्र वेगळ्या तऱ्हेचं. ११ ऑगस्टला सुरू झालं आणि सुमारे १५ महिने चाललं. लाव्हाचं तोंड हिलोकडे. रान जाळत, ओढ्यांच्या पात्रातून पाणी उकळवत, थांबत, परत फुटत तो गावाकडे सरकत होता. कोअन पुन्हा पुन्हा जंगल तुडवत त्याच्या तोंडापाशी जाऊन येई आणि किती सरकला ते लिही. गावात उपास-प्रार्थना चालू होत्या. लाव्हा हिलोपासून सुमारे ५ मैलांवर थांबला.

याच काळात त्याचा जेम्स ड्वाइट डॅना यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. डॅना अमेरिकेतले नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ. १८४० मध्ये सागरी मोहिमेबरोबर किलाउएआला येऊन गेलेले. कोअनची पत्रं त्यांच्या ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’मध्ये छापून येत. इतक्या दूरवर लाव्हा पोचतो तो वाटेतल्या भेगांतूनही वर येत असणार, असा डॅनांचा कल होता. कोअन म्हणत राहिला : उगम वर एकच, आणि तिथून छताखालच्या बोगद्यांतून तो खाली येतो, मी भोकांतून वाकून पाहिलंय. मिशनरी आणि प्राध्यापक यांच्यातला हा मतभेद दोघांनी फार सभ्यपणे चालवला. प्राध्यापकाने आपल्या मताविरुद्धची पत्रंसुद्धा छापली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

२४ डिसेंबर

काल संध्याकाळी किलाउएआच्या माथ्यावर उद्रेक सुरू झाला. तिथे पहाटेचे अडीचही वाजले नव्हते, इथे सहा वाजायला आले होते. रात्री जेवणं आटोपून दोघी तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेच्या थेट कॅमेऱ्यासमोर बसलो. तिथे अजून उजाडायचं होतं. अंधारात केशरी कारंजी, खाली पसरत जाणारं तळं, त्याच्या काळ्या सायीवर तडकणाऱ्या केशरी रेघा.

मी म्हटलं, आपण पण वही घ्यायची. सर्वांत उंच कारंजं किती, ते दोघींनी एकमेकींना न दाखवता लिहायचं. कागद उघडले तर तिचा आकडा माझ्या दुपटीहून जास्त. दोघीही ठाम. शेजारी झाड नाही, माणूस नाही, घर नाही. डोळ्याला मापायला धरायचं काय? एलिसच्या ८०० फुटांना पिवळा रंग देताना मी जरा वरच्या आवाजात दिला होता, ते आता मनात लागलं. तो काठावर उभा होता, डोळ्यांत धूर जात होता, तरी त्याने आकडा लिहिण्याची जबाबदारी घेतली. पिवळा रंग तसाच ठेवला, फक्त रकान्याच्या तळटीपेत ‘काठावर उभं राहून’ हे शब्द घातले.

५ जानेवारी २०२५

१८६८. हे पान लिहिताना हात जड झाला.

मार्चअखेर धक्के सुरू झाले. २ एप्रिलला मोठा भूकंप. आजच्या हिशेबाने तीव्रता ७.९च्या आसपास. कापापाला इथे डोंगराची माती सुटून लोंढा आला, त्यात ३१ माणसं आणि शेकडो गुरं गाडली गेली. किनाऱ्यावर समुद्राची लाट आली, तिने ४६ जण नेले. पाच दिवसांनी मौना लोआचा लाव्हा काहुकूजवळ फुटला. कोअनने डॅनांना लिहिलेलं पत्र हिलोतले स्वतःचे धक्के हिरव्यात देतं आणि दक्षिणेकडची हानी निळ्यात.

पण भूकंपांसाठी खरा आधार कोअन नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या सारा लायमन या मिशनरी बाईंनी १८३३ पासून हिलोत जाणवलेला प्रत्येक धक्का टिपून ठेवला. त्यांच्यामागे घरच्यांनी ते काम १९१७ पर्यंत नेलं. यंत्रं येण्याआधीच्या हवाईच्या भूकंपांचा इतिहास शास्त्रज्ञांनी या घरच्या वहीवरून मांडला. मुलं, चूल, शाळेतली पोरं, आणि जमीन हलली की तारीख-वार. त्यांच्यासाठी वेगळं पान करायचं ठरवलं. भाची म्हणाली, “नकाशात त्यांच्या घरावर पण खूण करूया.” केली.

१९ जानेवारी

शेवटचं पान, १८८०–८१. ५ नोव्हेंबर १८८० रोजी मौना लोआ फुटला आणि पुन्हा हिलोच्या दिशेने. या वेळी थांबेना. १८८१च्या उन्हाळ्यात तो गावाच्या अगदी वेशीवर आला. कोअन ऐंशी वर्षांचा. चर्चमध्ये प्रार्थना चालू होत्या. राजघराण्यातल्या रूथ केएलिकोलानी होनोलुलूहून आल्या. लाव्हाच्या तोंडापाशी जाऊन त्यांनी पेलेला लाल रेशमी रुमाल आणि ब्रँडी वाहिली. ऑगस्टच्या १० तारखेच्या सुमारास लाव्हा थांबला, हिलोच्या उपसागरापासून जेमतेम मैलभर.

लाव्हा का थांबला याची गावात दोन उत्तरं होती आणि आजही आहेत. मी दोन्ही निळ्या रकान्यात एकाखाली एक लिहिली, सारख्याच अक्षरात. त्या लाव्हाचा एक बोगदा आज काउमाना गुहा म्हणून ओळखला जातो. हिलोचे लोक पायऱ्या उतरून त्यात जातात. १८४३ साली कोअनने ज्या भोकातून वाकून पाहिलं, तसंच भोक, फक्त आता निवलेलं. भाचीने नकाशावर तिथे छोटी कमान काढली.

एकूण ४६ पानं झाली. छपाईआधी १८४०च्या पानाचे रंग आणखी एकदा ताडून पाहायचे आहेत. ‘उजेडात बारीक छपाई वाचता येत होती’ हे वाक्य माझ्या प्रतीत अजून हिरवं राहिलंय. ते उद्या निळं करायचं.